उसाच्या पोटातला नत्राचा कारखाना



परवा लागणीच्या नोंदी चालू असताना गट कार्यालयात एक वयस्क सभासद आले. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. हातात जिवाणू खताची बाटली होती. ती टेबलावर ठेवून म्हणाले, "साहेब, हे ॲसिटोबॅक्टर म्हंजे नक्की काय हाय? दुकानदार म्हणतो, एवढं बेण्याला लावा आन् युरिया इसरून जावा. शेजारी म्हणतो, नुसतं रंगीत पाणी हाय. आता खरं कुणाचं धरायचं?"

आबांचा प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर देण्यास अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात जे बोलणे झाले तेच सर्व सभासदांसाठी येथे सविस्तर मांडत आहे. कारण दुकानदार आणि शेजारी दोघेही अर्धेच बरोबर आहेत. या बाटलीमागे पन्नास-साठ वर्षांचे संशोधन आहे, आणि ते संशोधन आपल्याच पिकावर, म्हणजे उसावर झालेले आहे. ते समजून घेतले, तर बाटलीवर किती विश्वास ठेवायचा आणि युरियाचा हात किती आखडायचा, हे ज्याचे त्याला ठरवता येईल.

डोक्यावर ढीग, पायाशी उपास

पिकाला लागणाऱ्या अन्नद्रव्यांत नत्राचा मान पहिला. पानाचा हिरवेपणा, फुटवा, कांडीची वाढ ही सगळी नत्रावर. आणि गंमत अशी की नत्राचा तोटा या जगात नाही. हवेत शेकडा ७८ भाग नत्रच आहे. हिशेब केला तर आपल्या एक एकर रानाच्या वर सुमारे ३१ हजार टन नत्र उभा असतो. पण उसाला त्यातला एक किलोही थेट घेता येत नाही. हवेतल्या नत्राचे दोन कण एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ती मिठी सोडवणे कोणत्याही झाडाच्या हाती नाही. आड भरलेला आहे, पण पोहरा नाही, अशी उसाची गत.

ही मिठी सोडवण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता खत कारखान्याचा. तेथे प्रचंड दाब आणि उष्णता देऊन हवेतल्या नत्राचा अमोनिया करतात व त्याचा पुढे युरिया होतो. त्यास इंधन बेसुमार लागते. दुसरा रस्ता जिवाणूंचा. काही मोजक्या जातींच्या जिवाणूंजवळ एक विशेष विकर असते. त्याला नायट्रोजिनेज म्हणतात. त्यात लोह आणि मॉलिब्डेनम हे धातू असतात. हे विकर साध्या तापमानात, गाजावाजा न करता, तेच काम करते. भुईमूग किंवा हरभरा उपटला की मुळावर ज्या गाठी दिसतात, त्या अशाच जिवाणूंची घरे होत. हे आपल्या वाडवडिलांना प्रत्यक्ष अनुभवाने माहीत होते. म्हणून तर ते कडधान्याचा बिवड चांगला मानत.

पण उसाच्या मुळाला गाठी नसतात. त्यामुळे उसाचा आणि हवेतल्या नत्राचा काही संबंध असेल, असे फार वर्षे कुणाला वाटले नाही. ज्या बाईंना तसे वाटले, त्यांची हकीकत आता ऐका.

किलोमीटर ४७ वरची प्रयोगशाळा

जोहाना डोबेरायनर यांचा जन्म १९२४ सालचा, त्या वेळच्या चेकोस्लोव्हाकियातला. घरची भाषा जर्मन. दुसरे महायुद्ध संपल्यावर जर्मन भाषिकांना तो देश सोडावा लागला. जोहानाबाई जर्मनीत आल्या आणि शेतावर गाईंच्या धारा काढणे, शेणखत पसरणे अशी कामे करू लागल्या. पुढे म्युनिक येथे शेतकीचे शिक्षण घेऊन १९५० साली त्या पदवीधर झाल्या. त्यानंतर पतीसह त्या ब्राझील देशात गेल्या.

तेथे रिओ दी जानेरो आणि साओ पावलो या शहरांमधल्या जुन्या रस्त्यावर, ४७ व्या किलोमीटरजवळ, सेरोपेडिका नावाच्या गावी सरकारी शेतकी संशोधन केंद्र होते. १९५१ साली तेथे त्यांना काम मिळाले. जमिनीतल्या जिवाणूंचा अभ्यास त्यांनी तेथेच, काम करता करता शिकून घेतला. १९५६ साली त्या ब्राझीलच्या नागरिक झाल्या आणि पुढे २००० साली मृत्यू येईपर्यंत त्यांची कर्मभूमी तीच राहिली.

त्यांचा पहिला मोठा झगडा सोयाबीनवरून. १९६० नंतर ब्राझीलमध्ये सोयाबीनचे क्षेत्र वाढवण्याचे घाटत होते. या पिकाला नत्र खत द्यायचे की मुळावरच्या गाठींवर भिस्त ठेवायची, हा वादाचा विषय. बाईंचे म्हणणे असे की नवे वाण निवडतानाच नत्र खत देऊ नका. खत घालून वाण निवडलेत, तर खताशिवाय न येणारा वाण हाती लागेल. बिनखताचे वाढवून निवडलेत, तर जिवाणूंशी ज्याचे जमते तोच वाण वर येईल. हे धोरण पुढे टिकले. आज ब्राझील जगातल्या सर्वांत मोठ्या सोयाबीन उत्पादकांपैकी एक आहे, आणि त्या पिकाला तेथे नत्र खत जवळजवळ देतच नाहीत. एका देशाचा खतावरचा अफाट खर्च त्यामुळे वाचला.

सभासदांनी हा मुद्दा मनात पक्का ठेवावा. पुढे उसाच्या बाबतीतही तो पुन्हा येणार आहे.

उसाचे कोडे

ब्राझीलच्या काही भागांत पिढ्यान् पिढ्या त्याच रानात ऊस घेत आले. दर तोडणीला उसाबरोबर नत्र बाहेर जातो. जितका नत्र घातला त्याहून जास्त नत्र ऊस घेऊन जातो, असा हिशेब निघत होता. मग जमीन केव्हाच खंगायला हवी होती. तशी ती खंगली नाही. मग हा वरचा नत्र येतो कुठून?

डोबेरायनरबाईंनी १९५० नंतरच्या दशकातच उसाच्या मुळांभोवतीच्या मातीत नत्र धरणारे जिवाणू शोधून काढले होते. पण मुळाभोवती जिवाणू सापडणे वेगळे आणि त्याने उसाला पोटभर नत्र देणे वेगळे. तेवढ्याने कोडे सुटत नव्हते. त्यांनी मका व गवतांच्या मुळांवरही काम केले. आज ज्याला आपण ॲझोस्पिरिलम म्हणतो, त्या जिवाणूचे महत्त्व १९७० नंतरच्या दशकात जगापुढे आले ते त्यांच्याच कामामुळे.

या कामात त्यांची एक युक्ती फार मोलाची ठरली. नत्र धरणाऱ्या विकराला प्राणवायू सोसत नाही, तो लागला की विकर निकामी होते. पण तोच जिवाणू जगतो मात्र प्राणवायूवर. म्हणजे हवा हवीही आणि नकोही. जिवाणू काचेच्या बशीत उघड्यावर वाढवावा, तर तो नत्र धरत नाही. बाईंनी काय केले, तर जिवाणूंचे खाद्य पातळ खळीसारखे, अर्धवट घट्ट केले आणि लहान बाटल्यांत भरले. वरच्या थराला हवा जास्त, तळाला अजिबात नाही. जिवाणू आपण होऊन हलत आपल्याला मानवेल अशा खोलीवर जाऊन थांबत आणि तेथे पातळ साय धरत. साय दिसली की समजायचे, पाहुणा सापडला. महागडे यंत्र नाही, काही नाही. साधी बाटली आणि बारीक नजर.

१९८८ साली बाई आणि त्यांचे सहकारी व्लादिमिर काव्हालकांती यांनी याच पद्धतीने उसाच्या आत शोध घेतला. "आत" हा शब्द महत्त्वाचा. मातीत शोधले नाही, तर मुळाच्या आणि कांडीच्या पोटात शोधले. खाद्य म्हणून साखरेचे पाणी घेतले, तेही थोडेथोडके नव्हे, शेकडा १० साखर असलेले. ज्या गोडीत इतर बहुतेक नत्र-जिवाणू तग धरत नाहीत, त्या गोडीत एक जिवाणू मजेत वाढला. शेकडा ३० साखरेतही तो वाढतो, आणि आंबट रसातही त्याला अडचण नाही. ब्राझीलच्या वेगवेगळ्या भागांतल्या उसात तो मिळाला. दोन ओळींमधल्या मोकळ्या मातीत मात्र तो मिळाला नाही. म्हणजे हा मातीतला वाटसरू नव्हे, उसाच्या घरातलाच कुळ. १९८९ साली त्याला ॲसिटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस असे नाव मिळाले. पुढे शास्त्रज्ञांनी नाव बदलून ग्लुकॉनॲसिटोबॅक्टर केले, पण आपल्याकडे बाटलीवर जुनेच नाव चालते.

येथे दुसरी गोष्ट ध्यानात घ्यावी. आपण ऊस बियांपासून लावत नाही, टिपरीपासून लावतो. त्यामुळे हा जिवाणू एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जातो तो टिपरीच्या पोटातून. चांगले बेणे म्हणजे चांगला डोळा एवढेच नव्हे. आत कोण बसले आहे, हेही बेण्याबरोबर येत असते.

नत्राला खूण लावून मोजणी

जिवाणू सापडला. पण तो किती नत्र देतो, हे कसे मोजायचे? जत्रेत जनावरे मिसळली तर आपली कोणती हे आपण कानातल्या बिल्ल्यावरून ओळखतो. नत्रालाही असा बिल्ला लावता येतो. नत्राचाच एक जरासा जड प्रकार असतो, त्याला नत्र-१५ म्हणतात. मातीत हा जड नत्र मिसळून ऊस लावला आणि वर्षाने उसातला नत्र तपासला. सगळा नत्र मातीतून आला असेल, तर उसात जड नत्राचे प्रमाण मातीइतकेच निघेल. हवेतूनही आला असेल, तर ते प्रमाण पातळ होईल. दुधात पाणी किती पडले हे दूध संघात जसे कळते, तसेच हे.

सेरोपेडिका येथे मोठ्या सिमेंटच्या हौदांत निरनिराळे वाण लावून हा प्रयोग झाला आणि १९९२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही वाणांनी आपल्या नत्रापैकी निम्म्याहून जास्त नत्र हवेतून मिळवला होता. काही वाणांनी त्या मानाने फारच थोडा. म्हणजे सर्व ऊस सारखा नाही. वाणावाणांत फरक आहे. सोयाबीनच्या वेळी बाई जे सांगत होत्या त्याचीच ही पुन्हा प्रचिती.

पण शास्त्रात एका बाजूचे ऐकून निकाल देत नाहीत. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका येथे शेतातल्या उसावर अशीच मोजणी झाली, तेव्हा हवेतून आलेला नत्र फारच थोडा किंवा जवळजवळ नाहीच असे आढळले. खुद्द ब्राझीलमध्ये हौदाबाहेर, शेतात, बरीच वर्षे चाललेल्या प्रयोगाचा हिशेब २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात हेक्टरी वर्षाला सुमारे ४० किलो नत्र हवेतून आल्याचे दिसले. आपल्या हिशेबात ते एकरी १६ किलो नत्र, म्हणजे सुमारे ३५ किलो युरिया, म्हणजे ४५ किलोच्या पोत्याचे पाऊण पोते. हौदातल्या आकड्यापेक्षा हा आकडा लहान आहे. पण दर वर्षी, विनामूल्य, पाटाबरोबर वाहून न जाणारे पाऊण पोते ही काही टाकाऊ गोष्ट नव्हे.

कुलूप काढून बघितले

आता आनुवंशशास्त्राकडे वळू. कोणत्याही जिवाणूत तो काय काय करू शकतो याचा लेखी तपशील असतो. त्यातल्या एका कामाच्या मजकुराला जनुक म्हणतात. नत्र धरण्याची जनुके या जिवाणूत एकमेकांना लागून, एका रांगेत आहेत. आपल्या कारखान्यात गव्हाण, मिल, बॉयलर, पॅन अशी रांग असते, तसेच समजा. रांगेतला एक भाग बंद पडला की साखर पडत नाही.

अमेरिकेतल्या आनुवंशशास्त्रज्ञांनी याच गोष्टीचा उपयोग केला. त्यांनी या जिवाणूतले नत्राचे एक जनुक मुद्दाम मोडले. मग तीन प्रकारची जिवाणूविरहित उसाची रोपे घेतली. एकाला धडधाकट जिवाणू लावला, दुसऱ्याला जनुक मोडलेला, तिसऱ्याला काहीच नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात असे दिसले की, नत्र कमी असलेल्या रोपांत धडधाकट जिवाणूचीच रोपे सरस निघाली. तेव्हा नत्र हाच जिवाणू देतो, हे सिद्ध झाले. पण नत्र भरपूर दिलेल्या रोपांत मोडका जिवाणू लावलेली रोपेही, काही न लावलेल्या रोपांपेक्षा चांगली वाढली. याचा अर्थ काय? जिवाणू नत्राखेरीज आणखी काही देतो. तो वाढीला चालना देणारी द्रव्ये, म्हणजे संप्रेरके तयार करतो, त्याने मुळी वाढते आणि मुळी वाढली की मातीतले अन्नही जास्त उचलले जाते.

बाटली लावल्यावर फुटवा चांगला दिसला की आपण म्हणतो, "नत्र मिळाला." तो नत्रच असेल असे नाही. म्हणून नुसत्या डोळ्यांनी बघून युरिया निम्मा करू नये, हे या प्रयोगाने शिकवले.

३९ लाख अक्षरांची पोथी

एक जनुक मोडून पाहणे म्हणजे किल्लीच्या भोकातून खोलीत बघणे. पुढची पायरी म्हणजे दार उघडून सगळी खोली बघणे. जिवाणूतला सर्व लेखी मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणे, याला जनुकसंच वाचन म्हणतात.

ब्राझीलने हे काम आपल्या शेतीच्या गरजेपासूनच सुरू केले. साओ पावलो राज्यात संत्र्याच्या बागांवर झायलेला नावाच्या जिवाणूचा रोग पडत होता. राज्यातल्या तीसहून अधिक प्रयोगशाळांनी काम वाटून घेतले आणि २००० साली त्या जिवाणूचा जनुकसंच पुरा वाचला. वनस्पतीला रोग करणाऱ्या जिवाणूचा जनुकसंच वाचण्याची जगातली ती पहिलीच वेळ. एकेका प्रयोगशाळेला जे झेपले नसते ते सगळ्यांनी मिळून केले. सहकाराची शक्ती काय असते हे आपणांस वेगळे सांगायला नको.

त्यानंतर उसाच्या जिवाणूंची पाळी आली. रिओ राज्यातल्या शास्त्रज्ञांच्या गटाने ॲसिटोबॅक्टरचा जनुकसंच वाचून २००९ साली प्रसिद्ध केला. मुख्य मजकूर सुमारे ३९ लाख अक्षरांचा. एका पानावर २ हजार अक्षरे छापली, तर जवळजवळ २ हजार पानांची पोथी होईल. त्यात सुमारे ३,९०० जनुके. डोबेरायनरबाई २००० सालीच गेल्या. ज्या पाहुण्याला त्यांनी साध्या बाटलीतल्या सायीवरून ओळखले, त्याची पोथी त्यांना पाहता आली नाही. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला दुसरा एक जिवाणू आहे. त्याला १९८६ साली सेरोपेडिका गावावरूनच हर्बास्पिरिलम सेरोपेडिसी हे नाव दिले गेले. त्याचीही पोथी २०११ साली पाराना राज्यातल्या शास्त्रज्ञांनी वाचून पुरी केली.

पोथी वाचून काय कळले? नत्राची सगळी रांग कशी लावली आहे ते कळले. गोड रसात तग कसा धरतो, संप्रेरके कोणत्या मार्गाने करतो, याचा छडा लागला. साखर तो जशीच्या तशी आत घेत नाही, आधी बाहेरच फोडतो आणि मग वापरतो, या आधीच्या माहितीला जनुकांचा पुरावा जुळला. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नत्राच्या या रांगेला एक मुख्य बटण आहे. आयता अमोनिया मिळू लागला की ते बटण काही अंशी बंद होते. नत्र धरण्याच्या कामास जिवाणूची शक्ती फार खर्च होते. घरात शिजलेले आयते ताट येत असेल, तर चूल कोण पेटवील?

हे नुसते पोथीतले ज्ञान नव्हे. मेक्सिको आणि आपला तामिळनाडू येथे १९९० नंतरच्या दशकात उसाची तपासणी झाली. जास्त नत्र खत दिलेल्या उसात हा जिवाणू कमी सापडला, कमी खताच्या उसात जास्त. म्हणजे आपण पोत्यावर पोते ओततो, तेव्हा फुकटचा गडी घराबाहेर काढतो आणि विकतचा गडी कामाला ठेवतो.

त्याच टिपरीत शत्रूही

बेण्यातून मित्र येतो तसा शत्रूही येतो. खोडवा खुजा रोगाचा जिवाणू, लायफसोनिया, हा उसाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत राहतो. बाहेरून धड खूण दिसत नाही, पण खोडव्याला कांडी आखूड पडते आणि टनेज घटते. त्याचीही पोथी ब्राझीलमध्ये २००४ साली वाचली गेली. तिच्यात तीनशेहून अधिक जनुके मोडकी निघाली. म्हणजे हा इतका परावलंबी झाला आहे की उसाबाहेर त्याचा निभाव लागणे कठीण. मग तो पसरतो कसा? आपल्याच हाताने. रोगट बेण्यातून आणि तोडणीच्या कोयत्याला लागलेल्या रसातून. म्हणून तर मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशी त्रिस्तरीय बेणे योजना आणि बेण्यास ५४ अंशांच्या उष्ण दमट हवेत अडीच तासांची प्रक्रिया.

ऊतिसंवर्धित रोपांबद्दल एक सूचना. ती रोपे काचेच्या बाटलीत निर्जंतुक वाढवतात. शत्रू जातो ते चांगलेच, पण मित्रही जातो. अशा रोपांना जिवाणूंची प्रक्रिया केल्यास तो परत घरात येतो. ब्राझीलमध्ये एकाऐवजी पाच जातींचे जिवाणू एकत्र लावण्याचे प्रयोग अशाच रोपांपासून सुरू झाले. त्यांतही निकाल वाण आणि जमीन यांवर अवलंबून राहिला. हलक्या, कमी नत्राच्या जमिनीत फायदा अधिक दिसला.

आपल्या रानात काय करावे?

महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस अशी आहे : हेक्टरी १० किलो ॲसिटोबॅक्टर आणि १.२५ किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू १०० लिटर पाण्यात मिसळून त्यात टिपऱ्या ३० मिनिटे बुडवाव्यात. यामुळे नत्राच्या मात्रेत ५० टक्के व स्फुरदाच्या मात्रेत २५ टक्के बचत करता येते, असे विद्यापीठ सांगते. हे प्रमाण भुकटीतल्या जिवाणू खताचे आहे. द्रवरूप खताचे प्रमाण बाटलीवर दिल्याप्रमाणे घ्यावे.

आता चौकस सभासद विचारतील की विद्यापीठ निम्मा नत्र म्हणते, ब्राझीलचा शेतातला हिशेब पाऊण पोते म्हणतो, हे कसे? सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १०० किलो. त्याचा निम्मा म्हणजे जवळजवळ अडीच पोती युरिया होतो. दोन आकड्यांत फरक आहे हे खरे. वाण वेगळे, जमीन वेगळी, मोजण्याची रीत वेगळी. शिवाय जिवाणू मुळी वाढवतो आणि घातलेले खतही त्यामुळे वाया जाणे कमी होते, ही बचत हवेतल्या नत्राच्या मोजणीत येत नाही. म्हणून आमचा सल्ला असा की दोन्ही आकडे कानावर असू द्यावेत, पण निकाल आपल्या रानाने द्यावा. तो कसा घ्यायचा ते सांगतो.

१. लागणीपूर्वी माती तपासून घ्यावी. सेंद्रिय कर्ब आणि उपलब्ध नत्र किती, हे कळल्याशिवाय खत कमी करणे म्हणजे अंधारात बाण मारणे.

२. बेणे मळ्यातलेच बेणे घ्यावे. कोयते अधूनमधून उकळत्या पाण्यातून काढावेत.

३. बुरशीनाशक व कीडनाशकाची प्रक्रिया आधी, जिवाणूंची नंतर. दोन्ही एकाच बॅरलमध्ये कधीही कालवू नयेत. औषधाने जिवाणू मरतात आणि मग खरोखरच रंगीत पाणी उरते.

४. जिवाणू खताची अंतिम तारीख पाहूनच घ्यावे. बाटली किंवा पाकीट उन्हात, ट्रॅक्टरच्या टपावर, युरियाच्या पोत्यांबरोबर ठेवू नये. ते जिवंत आहे, हे विसरू नये.

५. भिजवलेले बेणे सावलीत निथळवून लगेच लावावे व मातीआड करावे.

६. एकाच रानात, एकाच वाणाच्या, एकाच दिवशी लावलेल्या सऱ्यांचे तीन भाग करावेत. पहिल्यात नेहमीची पद्धत. दुसऱ्यात जिवाणू आणि नेहमीचा पूर्ण नत्र. तिसऱ्यात जिवाणू आणि पाऊण नत्र. तोडणीला तिन्ही भागांचे वजन वेगवेगळे करावे. नजरअंदाज नको, काट्यावरचे वजन हवे. तिसरा भाग पहिल्याच्या बरोबरीने आला, तर पुढच्या वर्षी नत्र आणखी खाली आणून पाहावे.

७. खोडव्याचे पाचट जाळू नये. कुजलेले पाचट, मळीचे खत, शेणखत यांनी जमिनीचा कर्ब वाढतो, आणि कर्ब असेल तेथेच मातीतल्या बाकीच्या जिवाणूंचेही बस्तान बसते.

आबांना दिलेले उत्तर

हे सगळे ऐकून आबा म्हणाले, "म्हंजे दुकानदार बी खोटा आन् शेजारी बी खोटा."

मी म्हटले, "खोटे नाहीत आबा, अर्धवट आहेत. बाटलीत खरोखर कामाचा गडी आहे. पण तो बैलासारखा दावणीला बांधून हवे तेवढे काम करत नाही. त्याच्या चालीने चालतो. त्याचे पोट आधीच युरियाने भरलेत, तर तो काम करणार नाही. त्याला एकदम उपाशी रानात सोडून सगळा संसार त्याच्यावर टाकलात, तर ऊसही पडेल आणि तुम्हीही."

आबा जरा थांबले. मग त्यांनी विचारले, "त्या बाईंनी हे सगळं कुठल्या इंग्लंड-अमेरिकेत बसून काढलं?"

तेच तर विशेष आहे. अमेरिकेत जाऊन १९६३ साली त्यांनी वरची पदवी घेतली हे खरे. पण नत्राचे हे काम त्यांनी रस्त्याकडेच्या एका शेतकी केंद्रात, तिथल्याच मातीतला ऊस उपटून, तिथल्याच साखरेच्या पाण्यात जिवाणू वाढवून केले. थंड देशांतल्या पुस्तकांत उसाच्या नत्राचे उत्तर नव्हते, म्हणून त्यांनी ते उसालाच विचारले. पोथी वाचणारी यंत्रे नंतर आली. पण कोणाची पोथी वाचायची, हे त्या यंत्रांना सांगायला आधी जिवाणू सापडलेला असावा लागतो.

आबांनी बाटली उचलली. जाताना म्हणाले, "चार सऱ्या जिवाणूच्या आन् पाऊण नत्राच्या लावतो. वजन तुमच्याच काट्यावर करू."

आपल्या गटातल्या ज्या सभासदांना असा पट्टा टाकायचा असेल, त्यांनी लागणीची नोंद देतानाच तसे सांगावे. पट्टे आखण्यास व तोडणीच्या वेळी वेगळे वजन होण्यास शेतकी खात्याचा माणूस बांधावर येईल. पट्टा चुकला तरी नुकसान चार सऱ्यांचे. बरोबर आला, तर दर वर्षीची युरियाची काही पोती वाचली आणि रानाचा पोतही सुधारला.